माईक कोठे ठेवावा? झाडीपट्टीतील गाणी व बोली मुद्रित करणाऱ्यांसाठी

उधळ्या पुत्राचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासातही या दाखल्याला एक स्थान आहे, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असेल. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा निरनिराळ्या बोलींची एकमेकींशी तुलना करता यावी म्हणून हाच दाखला ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेण्यात आला. या सर्वेक्षणाचा १९०५ साली प्रसिद्ध झालेला सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे. पुढे १९१३ ते १९२९ या काळात अनेक बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही मुद्रित करण्यात आले. आज ते शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात.

त्या काळाच्या बऱ्याच भागात मुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. विजेच्या साहाय्याने मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. त्याआधी बोलणाऱ्याला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने बोलावे लागे. आवाजाच्या दाबानेच सुई हले आणि मेणावर रेघ उमटे. अंदाजे २,५०० हर्ट्झच्या वरचा ध्वनी त्यात फारसा उतरत नसे, आणि 'स'सारख्या व्यंजनांचा मुख्य जोर तर ४,००० हर्ट्झच्याही वर असतो. कर्ण्यापासून माणूस थोडा दूर सरला तर आवाज नाहीसा होई, फार जवळ आला तर फाटे. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या आरंभापासून प्रश्न एकच राहिला आहे: बोलणारा कोठे आणि टिपणारे यंत्र कोठे?

हा प्रश्न आज भंडारा जिल्ह्यात पुन्हा विचारण्याचे कारण आहे. आता प्रत्येकाच्या खिशात मुद्रण करणारा मोबाईल असतो. मंडईतील दंडार, खडी गंमत, रोवणीची गाणी, आजीच्या ओव्या, चर्चमधील गायनवृंद असे सारे काही टिपले जाते. परंतु अशी कित्येक मुद्रणे ऐकू गेल्यास ढोलकी ऐकू येते, टाळ्या ऐकू येतात, शब्द मात्र ऐकू येत नाहीत. यंत्र सहसा वाईट नसते, ते चुकीच्या जागी ठेवलेले असते. म्हणून माईक ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धती, त्यांचे गुण आणि दोष यांची माहिती येथे एकत्र देत आहोत.

काय जपायचे आहे?

भंडारा हा झाडीपट्टीचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यात बोलली जाणारी झाडीबोली प्रमाण मराठीपेक्षा वेगळी आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि दंडारीचा अभ्यास मराठी वाचकांपुढे आणला. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो, 'ळ'च्या जागी बहुधा 'र' येतो, 'श' आणि 'ष' यांची जागा 'स' घेतो. 'काळा'चा 'कारा' होतो. न आणि ण, र आणि ळ यांतील फरक कानाला अत्यंत सूक्ष्म असतो. मुद्रणात घुमारा शिरला की पहिल्याने हाच फरक पुसला जातो. उद्याच्या अभ्यासकाला किंवा आपल्याच नातवाला आजी नेमके काय म्हणाली हे कळायचे असेल, तर व्यंजने स्वच्छ उतरली पाहिजेत.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गोसीखुर्द धरणामुळे पवनी व भंडारा तालुक्यांतील अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. गाव उठले की गाणे म्हणणाऱ्या बायका एका आळीत राहत नाहीत, एका बांधीत काम करत नाहीत. रोवणीचे यंत्र आले की रोवणीच्या गाण्याचे निमित्तच उरत नाही. ज्यांना ही गाणी पूर्ण येतात, ती माणसे आता वयोवृद्ध आहेत. अशा वेळी मुद्रणाची संधी बहुधा एकदाच मिळते.

केवळ शब्द लिहून ठेवणे पुरेसे नाही. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील काही भागाचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून हा ठेवा प्रसिद्ध होत आहे. त्यातील ओवी वाचणे आणि तीच ओवी ऐकणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने दोन्ही केले त्याला सांगावे लागत नाही. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातही लोकांच्या तोंडचे बोलणे मुद्रित करण्यावर भर आहे, तो याच कारणासाठी.

अंतराचा नियम

सर्व पद्धतींच्या मुळाशी एक साधा नियम आहे. गाणाऱ्याच्या तोंडापासून माईकचे अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. खोलीत भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो. म्हणून माईक जसजसा दूर जातो तसतसा गाणारा क्षीण होतो आणि खोली बोलू लागते. नंतर संगणकावर आवाज वाढवला तरी घुमारा आणि पंख्याची घरघर त्याबरोबरच वाढतात. थेट आवाज आणि घुमारा यांचे प्रमाण माईकच्या जागेनेच ठरते.

दुसरा नियम वेळेचा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ सहस्रांश सेकंद लागतात. एकच आवाज दोन मार्गांनी थोड्या अंतराने पोहोचला तर काही स्वर एकमेकांना खोडून काढतात. एका मार्गाची लांबी दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटीमीटरने अधिक असेल तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी दबतो आणि त्याच्या वर ठरावीक अंतराने आणखी स्वर दबत जातात. आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. टेबलाच्या वर वीतभर उंचीवर धरलेल्या माईकला हा दोष हमखास चिकटतो, कारण तोंडातून निघालेला आवाज थेटही येतो आणि टेबलावर आदळूनही येतो.

माईकला किती दिशांनी ऐकू येते?

सर्वदिशी माईक चहूबाजूंनी सारखेच ऐकतो. त्याचा आवाज नैसर्गिक असतो, वाऱ्याचा आणि हाताळण्याचा त्रास त्याला कमी होतो. पण तो जे ऐकू नये तेही ऐकतो.

कार्डिऑइड म्हणजे हृदयाच्या आकाराचा एकदिशी माईक. तो समोरचे अधिक, बाजूचे कमी आणि पाठीमागचे जवळजवळ काहीच ऐकत नाही. घुमाऱ्याचे प्रमाण तेच ठेवून तो सर्वदिशी माईकपेक्षा सुमारे पावणेदोन पट दूर ठेवता येतो. त्याचा एक स्वभाव लक्षात ठेवावा: तोंडाच्या फार जवळ नेला की खर्ज फुगतो. पुरुषाचा आवाज त्याने भारदस्त वाटतो, पण शब्द जड होतात.

सुपरकार्डिऑइड आणि हायपरकार्डिऑइड हे याहून अरुंद. त्यांना थेट पाठीमागचे थोडेसे ऐकू येते आणि पाठीमागच्या तिरप्या दिशांचे सर्वांत कमी. म्हणून कार्डिऑइड वापरताना भोंगा त्याच्या अगदी पाठीशी असावा, सुपरकार्डिऑइड वापरताना पाठीशी पण थोडा बाजूला असावा.

द्विदिशी माईक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो. समोरचे व पाठीमागचे सारखे ऐकतो आणि दोन्ही बगलांना ठार बहिरा असतो. हा बहिरेपणा फार उपयोगी पडतो, त्याचे उदाहरण पुढे येईल.

एकच माईक, जवळून

पद्धत: तोंडापासून १५ ते ३० सेंटीमीटर, थोडा बाजूला किंवा ओठांच्या किंचित खाली, तोंडाकडे वळवलेला.

गुण: शब्द स्पष्ट उतरतात. खोलीचा घुमारा, बाहेरची वाहने, शेजारचा दूरदर्शन संच हे सारे दबून जाते. बोलीच्या मुद्रणासाठी याहून खात्रीचा मार्ग नाही.

दोष: 'प', 'फ', 'ब', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माईकवर आदळून धप्प असा आवाज होतो. आपल्या जिल्ह्याच्या नावातच हा 'भ' आहे. माईक ओठांच्या अगदी समोर न धरता तिरपा धरल्यास झोत बाजूने निघून जातो. दोघांच्या मध्ये पातळ जाळीची चौकट लावली तर आणखी चांगले. दुसरा दोष असा, की गाणारा मान हलवू लागला की आवाज कमीजास्त होतो. तिसरा दोष माणसाच्या मनाशी निगडित आहे: तोंडापुढे यंत्र आले की वृद्ध बाई संकोचते आणि गाणे आवरते घेते. म्हणून पहिली दहा मिनिटे यंत्र समोर ठेवून नुसत्या गप्पा माराव्यात.

कपड्याला लावायचा माईक

पद्धत: छातीवर, तोंडापासून सुमारे वीतभर खाली. हे माईक बहुधा सर्वदिशी असतात.

गुण: माणूस कितीही हलला तरी अंतर बदलत नाही. हात मोकळे राहतात, संकोचही कमी होतो.

दोष: पदर, मंगळसूत्र, माळ यांची घसट फार ऐकू येते. हनुवटीखाली असल्याने व्यंजनांची धार किंचित बोथट होते. आणि एका माणसाचाच आवाज नीट येतो, झील धरणाऱ्यांचा आवाज दुरून आल्यासारखा राहतो.

दोन माईकची जोडी: समूहाचे चित्र

दोन कानांनी ऐकताना आपल्याला कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे कळते. तसाच अनुभव मुद्रणातून देण्यासाठी जोडी वापरतात. तिच्या प्रमुख पद्धती अशा.

एक्स-वाय: दोन कार्डिऑइड माईकची डोकी एकावर एक, साधारण ९० अंशांच्या कोनात. दोघांपर्यंत आवाज एकाच क्षणी पोहोचत असल्याने खोडाखोड होत नाही. मोबाईलच्या एकाच भोंग्यावरून ऐकले तरी आवाज बिघडत नाही. हातात मावणाऱ्या अनेक मुद्रकयंत्रांवर हीच जोडी बसवलेली असते. दोष एवढाच, की चित्र काहीसे अरुंद वाटते.

ब्लुमलाइन जोडी: दोन द्विदिशी माईक ९० अंशांत. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन ध्वनिमार्गांच्या मुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात या कल्पनेचा उगम आहे. चांगल्या सभागृहात चित्र विलक्षण खरे उतरते. परंतु पाठीमागचेही तितकेच ऐकू येत असल्याने घुमणाऱ्या वास्तूत किंवा बोलक्या श्रोत्यांपुढे ती वापरू नये.

मिड-साइड: एक माईक समोर पाहणारा, दुसरा द्विदिशी माईक बगलांकडे पाहणारा. चित्र किती रुंद ठेवायचे हे नंतर संगणकावर ठरवता येते आणि मधला आवाज स्वतंत्र, शुद्ध मिळतो. दोष असा, की दोन्ही आवाज योग्य रीतीने मिळवण्याचे ज्ञान लागते. ज्याला ते नाही, त्याच्या हाती निरुपयोगी फाईल राहते.

ओआरटीएफ: दोन कार्डिऑइड १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात. ही पद्धत फ्रान्सच्या नभोवाणीतून आली. अंतर माणसाच्या दोन कानांमधील अंतराच्या जवळपास असल्याने ऐकताना मोकळेपणा वाटतो. गायनवृंदासाठी ही जोडी फार चांगली. एकाच भोंग्यावर ऐकल्यास थोडी खोडाखोड होते, पण ती सहन होण्याजोगी असते.

ए-बी: दोन सर्वदिशी माईक अर्ध्या मीटरपासून पुढे काही मीटरपर्यंत अंतरावर. खर्ज भरदार येतो, वास्तूची भव्यता जाणवते. परंतु दोन्ही मिळवून एकच आवाज केला की खोडाखोड स्पष्ट ऐकू येते आणि अंतर फार असल्यास मधोमध पोकळी जाणवते.

डेक्का ट्री: तीन सर्वदिशी माईक, दोन बाजूंना साधारण दोन मीटरवर आणि तिसरा मध्ये दीड मीटर पुढे. डेक्का कंपनीने १९५४ च्या सुमारास मोठ्या वाद्यवृंदांसाठी ही पद्धत वापरात आणली. आपल्या गावच्या कार्यक्रमाला तिची गरज नाही, पण मधली पोकळी भरण्यासाठी तिसरा माईक ठेवण्याची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सर्व जोड्यांचा एक समान दोष आहे. त्या समूहाचे चित्र उत्तम देतात, पण समूहातील एका माणसाचे शब्द क्वचितच स्वच्छ देतात.

प्रत्येकाला स्वतंत्र माईक

गुण: कोणाचा आवाज किती हे नंतर ठरवता येते. ढोलकी वरचढ झाली तर ती कमी करता येते.

दोष: साहित्य अधिक, चुका अधिक. शिवाय एका माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो आणि वर सांगितलेली खोडाखोड सुरू होते. यावर जुना ठोकताळा एकास तीनचा: माईक गाणाऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर दुसरा माईक पहिल्यापासून किमान ९० सेंटीमीटर दूर असावा. चार माईक एकमेकांना चिकटून ठेवण्यापेक्षा एकच माईक योग्य जागी ठेवलेला बरा.

वाद्यांबाबत थोडे. ढोलकीची दोन तोंडे दोन वेगळे नाद देतात. एका तोंडाला माईक चिकटवला तर दुसरे हरवते. समोरून अर्ध्या मीटरवर ठेवल्यास दोन्ही मिळतात. पेटीच्या अगदी जवळ माईक नेला तर भात्याची हवा आणि पट्ट्यांची टकटक ऐकू येते, दीड-दोन फुटांवर ती विरून जाते.

जमिनीवरचा आणि टांगलेला माईक

सपाट लादीवर किंवा लाकडी मंचावर अगदी टेकवून ठेवलेल्या माईकला थेट आवाज व जमिनीवरून परतलेला आवाज जवळजवळ एकाच वेळी मिळतो. त्यामुळे खोडाखोड टळते. नाटकासाठी ही सोय चांगली, कारण माईक दिसत नाही. दोष: नाचणाऱ्यांची पावले धडाधड ऐकू येतात.

मंचावर वरून टांगलेला माईक पात्रांना मोकळे फिरू देतो. परंतु तो तोंडापासून दूर असतो आणि पात्र त्याच्या खालून सरकले की आवाज पडतो. म्हणूनच अशा रंगमंचावर महत्त्वाचे वाक्य बोलताना पात्राला जागा धरावी लागते.

आपल्या जिल्ह्यातील पाच प्रसंग

जात्यावरची ओवी. जात्याची घरघर तोंडाच्या खालून येते. एकच बाई गात असेल तर कार्डिऑइड माईक जाते आणि तोंड यांच्या मध्ये, तोंडाकडे वर पाहणारा ठेवावा. त्यामुळे त्याची पाठ जात्याकडे येते. दोघी समोरासमोर बसून दळत असतील तर द्विदिशी माईक दोघींच्या मध्ये आडवा धरावा. त्याचे दोन्ही कान दोघींकडे राहतात आणि बहिरी बगल खाली जात्याकडे येते. घरघर पूर्ण जाणार नाही आणि ती पूर्ण जाऊही नये, कारण ओवीची लय तिच्यावरच चालते.

रोवणीचे गाणे. हे सर्वांत कठीण. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायका मागे मागे सरकत जातात. ज्या धुऱ्यावरून काम सुरू झाले तेथे आपण उभे राहिलो तर त्यांची तोंडे आपल्याकडे असतात, पण त्या क्षणोक्षणी दूर जातात. मागच्या धुऱ्यावर उभे राहिलो तर त्या जवळ येतात, पण पाठमोऱ्या. शिवाय वाकलेल्या माणसाचा आवाज पाण्याकडे जातो. येथे गाणे उचलणाऱ्या बाईला कपड्याचा माईक लावावा, यंत्र पिशवीत बांधून पावसापासून जपावे आणि मागून म्हणणाऱ्यांसाठी दुसरे यंत्र धुऱ्यावर ठेवावे. त्याच बायकांना न्याहारीच्या वेळी धुऱ्यावर बसवून गाणे पुन्हा म्हणवून घ्यावे. बसून म्हटलेल्या गाण्यात शब्द मिळतील, कामाच्या गाण्यात लय मिळेल. दोन्ही जपावीत.

मंडईतील दंडार आणि खडी गंमत. दिवाळीनंतरच्या मंडईत भोंगे, पाळणे, विक्रेते आणि गर्दी यांत मुद्रण करावे लागते. खडी गंमत नावाप्रमाणे उभ्याने होते, दंडारीत नाचही असतो, म्हणून कलावंत एका जागी थांबत नाहीत. भोंग्यासमोर यंत्र धरणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण भोंग्याचा कर्कशपणा मुद्रणात कायमचा बसतो. ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याला विनंती करून त्याच्या यंत्रातून थेट तार घेता आली तर गाणाऱ्याचे शब्द मिळतात, आणि एक्स-वाय जोडी मंचापासून तीन-चार मीटरवर ठेवल्यास मेळ्याचे चित्र मिळते. दोन्ही वेगवेगळे मुद्रित करावे. हे शक्य नसेल तर मंडईच्या आदल्या दिवशी तालमीला जावे. तालमीत भोंगा नसतो आणि कलावंतांना वेळ असतो.

झाडीपट्टीचे नाटक. भाऊबीजेच्या सुमारास सुरू होणारा नाटकांचा हंगाम आपल्या भागाचे वैभव आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले. रात्रभर चालणाऱ्या नाटकात प्रेक्षकांत बसून केलेल्या मुद्रणात शेजाऱ्याचा खोकला अधिक येतो. मंचाच्या पुढल्या कडेला, एकमेकांपासून काही अंतरावर, दोन-तीन जमिनीवरचे माईक ठेवावेत. मुख्य गायकांचे शब्द ध्वनियंत्रणेतून घ्यावेत.

चर्चमधील गायनवृंद. उंच छत आणि गिलाव्याच्या भिंती यांमुळे आपल्या चर्चमध्ये घुमारा बराच असतो. मागच्या बाकावर ठेवलेला मोबाईल जवळजवळ केवळ घुमाराच टिपतो. गायनवृंदासमोर दीड ते अडीच मीटरवर, डोक्यांहून थोडी उंच अशी ओआरटीएफ किंवा एक्स-वाय जोडी लावावी. पंखे बंद ठेवता येतील अशी वेळ निवडावी, म्हणजे उपासनेव्यतिरिक्त तालमीची. प्रवचनासाठी मात्र जोडी नको, जवळचा एकच माईक पुरे.

फक्त मोबाईल असेल तर

अनेकांकडे एवढेच साधन असते आणि तेही पुरेसे आहे. मोबाईलचा मुख्य माईक बहुधा खालच्या कडेला असतो, तो हाताने झाकू नये. टेबलावर टेकवून उभा करू नये, घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवून खालची कडा गाणाऱ्याकडे करावी. गाणाऱ्यापासून दोन फुटांच्या आत बसावे. मोबाईलमधील आवाज आपोआप शुद्ध करण्याची सोय बंद करावी, कारण ती माणसाचे बोलणे ठेवते आणि टाळ-ढोलकीला गोंगाट समजून कापते. उघड्यावर वारा असेल तर फेसाळ किंवा केसाळ आवरण लावावे, निदान वाऱ्याकडे पाठ करून बसावे. विमान अवस्थेत ठेवावा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येणार नाही.

आवाजाची पातळी अशी ठेवावी, की सर्वांत मोठा स्वरही कमाल मर्यादेच्या १२ ते ६ डेसिबल खाली राहील. फाटलेला आवाज कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. फाईल दबलेल्या प्रकारात न ठेवता वेव्ह प्रकारात ठेवावी. ध्वनी अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण सुचवते. अशा दोन मार्गांच्या मुद्रणाला तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात.

मुद्रणापूर्वी गाणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि हे कोठे ऐकवले जाईल हे स्पष्ट सांगावे. आरंभी आपल्याच आवाजात गाव, तालुका, तारीख आणि प्रसंग बोलून ठेवावा. गाणाऱ्याची संमती असेल तर नावही. विस्थापित गावाचे गाणे असेल तर मूळ गावाचे नाव अवश्य घ्यावे. काही वर्षांनी तेच नाव त्या गाण्याचा एकमेव पत्ता असू शकते.

शेवटी निवड कशी करावी?

एका वेळी सर्व काही टिपणारी जागा नसते. जवळ गेलो तर गाव हरवते, दूर गेलो तर शब्द हरवतात. आमचे मत स्पष्ट आहे: संधी एकच असेल आणि साधन एकच असेल तर शब्दांच्या बाजूने उभे राहावे. लय दुसऱ्या दिवशीही थोडीफार ऐकायला मिळते, मेळा पुढच्या वर्षीही भरतो, पण पंच्याऐंशी वर्षांच्या आजीच्या तोंडचे शब्द पुन्हा मिळतीलच असे नाही. संधी दोनदा मिळाली तर पहिल्यांदा जवळून आणि दुसऱ्यांदा दुरून मुद्रण करावे. प्रत्येक वेळी मुद्रण संपल्यावर तेथेच, गाणाऱ्याच्या सोबत, कानाला यंत्र लावून पहिले दोन मिनिट ऐकावे. शब्द कळत नसतील तर यंत्र बदलण्याआधी जागा बदलावी.

आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळे, शाळा आणि महिला मंडळे यांनी येत्या सुट्टीत आपल्या घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांपासून हे काम सुरू करावे, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी महागडे साधन जमेपर्यंत थांबू नये. सतरंजी अंथरावी, पंखा बंद करावा आणि आजीच्या जवळ जाऊन बसावे.